अंगण आणि अक्षरपत्ते : घरातील शिशुवाचनाच्या आग्रहाची एक समीक्षा

प्रस्तावना

मूल नीट बोलू लागण्याआधीच त्याला वाचायला शिकवावे, हा विचार गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रातील शहरी आणि निमशहरी घरांत चांगलाच रुजला आहे. पाळण्याशेजारी शब्दांचे पत्ते आले, भिंतीवर वर्णमालेचे तक्ते आले आणि अलीकडच्या काळात आईच्या भ्रमणध्वनीवर अक्षरगीतांच्या चित्रफिती आल्या. या आग्रहाकडे अभ्यासकांनी सहसा दोन टोकांनी पाहिले आहे. एका बाजूस त्याची ‘पालकांचे वेड’ म्हणून थट्टा केली जाते, तर दुसऱ्या बाजूस ‘मेंदूविकासाची सुवर्णसंधी’ म्हणून त्याचा गौरव होतो. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट दुर्लक्षित राहते. ज्या घरात हा आग्रह निर्माण होतो त्या घराची भाषा, त्याचा इतिहास आणि त्याची गरज यांचा विचार कोणीच करीत नाही.

कल्याण तालुक्यातील मोहने हे उल्हास नदीकाठचे गाव आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. मूळच्या आगरी वस्तीशेजारी नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजेच लोकांच्या तोंडच्या ‘एनआरसी’च्या कारखान्यामुळे येथे कामगारवस्ती वाढली. २००९ मध्ये हा कारखाना बंद पडला. ज्या घरांचा कायम नोकरीवरचा भरवसा असा एकाएकी तुटतो, त्या घरांत मुलाचे शिक्षण हाच एकमेव आधार उरतो. अशा घरातील आई दोन वर्षांच्या मुलासमोर अक्षरांचा तक्ता धरते तेव्हा त्या कृतीला हौस म्हणणे अन्यायाचे ठरते. तथापि त्या आईच्या हाती जे साधन दिले जाते ते खरोखर उपयोगाचे आहे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रस्तुत लेखात ग्लेन डोमन यांनी मांडलेली शिशुवाचनाची पद्धती आणि ठाणे जिल्ह्याच्या भूमीत तयार झालेली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांची बालशिक्षणाची दृष्टी यांची तुलना करून या प्रश्नाचे परीक्षण केले आहे.

लवकर अक्षर देण्याची जुनी इच्छा

लहान वयात अक्षरओळख व्हावी ही इच्छा आधुनिक नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौलकर्मानंतर राजपुत्राने लिपी आणि संख्या शिकावी असा निर्देश आहे. आणि चौल हा परंपरेने पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करावयाचा संस्कार होय. कालिदासाने रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात बालरघूच्या लिपिग्रहणाला नदीमुखातून समुद्रात प्रवेश करण्याची उपमा दिली आहे. पुढे मराठी मुलखात पाचव्या वर्षाच्या सुमारास अक्षरारंभ करण्याची रीत रूढ झाली. धूळपाटीवर बोट फिरवीत मूल ओनामा गिरवू लागे. अक्षर हे आधी बोटाने अनुभवायचे आणि मग डोळ्याने ओळखायचे, हा क्रम या रीतीत अंतर्भूत होता.

या परंपरेची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. हा अक्षरारंभ सर्वांच्या अंगणात होत नसे. स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना अक्षरांपासून दूर ठेवण्याचा इतिहास मोठा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, ती या पार्श्वभूमीवर. ज्यांच्या पणज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांच्या नातवंडांना ते शक्य तितक्या लवकर मिळावे असे वाटणे स्वाभाविक आहे. बालपणाचा मुक्त आनंद हिरावू नका, हा उपदेश पुस्तकांनी भरलेल्या घरातून आला की तो या नातवंडांच्या आईवडिलांना परका वाटतो. शिशुवाचनाची समीक्षा करताना हे भान सुटता कामा नये.

डोमन यांची पद्धती : दावा आणि पुरावा

ग्लेन डोमन हे मूळचे भौतिकोपचारतज्ज्ञ होते. फिलाडेल्फिया येथे मेंदूला इजा झालेल्या मुलांवर उपचार करताना त्यांनी काही पद्धती विकसित केल्या आणि त्या अनुभवाच्या आधारे १९६४ मध्ये ‘हाउ टू टीच युवर बेबी टू रीड’ हे पुस्तक लिहिले. पद्धती थोडक्यात अशी : मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेले शब्दांचे पत्ते मुलासमोर क्षणभर धरावेत, शब्द स्पष्ट उच्चारावा, हे दिवसातून अनेक वेळा करावे आणि शब्द सतत बदलत जावेत. आई, बाबा, शरीराचे अवयव, घरातील वस्तू असा शब्दांचा क्रम असतो. मूल जितके लहान तितके हे शिकणे सोपे, असा या पद्धतीचा पायाभूत सिद्धान्त आहे.

डोमन यांच्या बाजूने दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. पहिली ही की, शिकविणे आनंदाचे असावे आणि मूल कंटाळण्याच्या आधीच थांबावे, असा त्यांचा स्पष्ट आग्रह आहे. दुसरी अशी की, मुलाची परीक्षा घेऊ नये असे ते बजावतात. पत्ते घरोघर पोहोचताना या दोन्ही सूचना बहुधा वाटेतच गळून पडतात. पाहुण्यांसमोर मुलाला उभे करून ‘हा कोणता शब्द, सांग बरे’ असे विचारणे हाच अनेक घरांत या शिक्षणाचा उत्सव होऊन बसतो.

पुराव्याच्या दृष्टीने मात्र ही पद्धती कमकुवत ठरते. डोमन व त्यांचे सहकारी यांच्या उपचारपद्धतीच्या परिणामकारकतेविषयी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने १९८२ आणि १९९९ मधील निवेदनांत प्रतिकूल मत व्यक्त केले. वाचनाच्या बाबतीतील अधिक थेट पुरावा सुसान न्यूमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळतो. या अभ्यासात ९ ते १८ महिने वयाच्या ११७ बालकांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला सात महिने चित्रफिती, शब्दपत्ते आणि पुस्तके असलेला बाजारातील वाचनसंच वापरावयास दिला गेला. त्यानंतर चौदा कसोट्यांवर दोन्ही गट तपासले असता तेरा कसोट्यांत कोणताही फरक आढळला नाही. फरक आढळला तो चौदाव्या बाबतीत, आणि ती बाब मुलांची नव्हती. आपले मूल वाचायला शिकत आहे असा पालकांचा विश्वास तेवढा वाढला होता.

या विश्वासाची किंमत किती असू शकते हेही नोंदलेले आहे. ‘युअर बेबी कॅन रीड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या संचाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये फसव्या जाहिरातीची तक्रार दाखल केली. सुमारे २०० डॉलर किमतीच्या या संचाची विक्री १८ कोटी ५० लाख डॉलरहून अधिक झाल्याचे आयोगाने म्हटले होते. त्या वर्षी कंपनीने तडजोड केली आणि २०१४ मध्ये संचाच्या निर्मात्यानेही. अमेरिकेत हा व्यवसाय अशा रीतीने आवरला गेला असला तरी ती कल्पना मात्र जगभर पसरलेली राहिली आणि भारतीय घरांत ती इंग्रजी शब्दांच्या पत्त्यांच्या रूपाने आली.

‘आई’, ‘बाबा’ आणि ‘बाई’

या पद्धतीची खरी कसोटी मराठीत फार सोप्या रीतीने घेता येते. समजा, एका दीड वर्षाच्या मुलाला ‘आई’ आणि ‘बाबा’ असे दोन पत्ते महिनाभर दाखविले. मूल ‘आई’चा पत्ता पाहून आईकडे बोट दाखवू लागले, ‘बाबा’चा पत्ता पाहून ‘बाबा’ म्हणू लागले. घरात आनंद होणार आणि तो रास्तही आहे, कारण मुलाने दोन आकृत्या लक्षात ठेवल्या आहेत. आता त्याच्यासमोर तिसरा पत्ता धरावा : ‘बाई’. यातील ‘बा’ त्याने पाहिला आहे, ‘ई’ही पाहिली आहे. चौथा पत्ता ‘आबा’ हाही त्याच दोन पत्त्यांतून तयार होतो. मुलाला वाचन येत असेल तर हे दोन्ही शब्द त्याला नवीन असूनही वाचता यावेत. ते वाचता येत नसतील तर त्याने आत्तापर्यंत जे केले ते ओळखणे होते. दुकानाच्या पाटीवरील चिन्ह किंवा बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन ओळखावे तसे.

ओळखणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. वाचनाच्या दीर्घ प्रवासात तिला स्थान आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६० च्या दशकात या अवस्थेचा बारकाईने अभ्यास केला. पुस्तक कसे धरावे, कोठून कोठे वाचीत जावे, छापील खुणांना अर्थ असतो, हे मुलाला औपचारिक शिक्षणाआधीच हळूहळू उमगत जाते असे त्यांनी दाखवून दिले. आक्षेप आहे तो ओळखण्याला वाचन म्हणून विकण्याला.

देवनागरीच्या बाबतीत हा आक्षेप अधिक गंभीर होतो. इंग्रजीत वर्ण २६ आहेत. तेथे शब्द अखंड आकृती म्हणून लक्षात ठेवण्याच्या पद्धतीला स्पेलिंगच्या विसंगतीमुळे थोडेफार समर्थन तरी मिळते. मराठीत लेखनाचे एकक अक्षर आहे. व्यंजनाला स्वरचिन्ह जोडून अक्षर बनते. ते चिन्ह कधी वर, कधी खाली, कधी मागे, कधी पुढे लागते. ‘कि’मध्ये वेलांटी लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर. ‘र’ एकटाच ‘कर्म’, ‘क्रम’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ यांत चार वेगळी रूपे घेतो. कमल आणि कलम या दोन शब्दांत डोळ्याला जाणवणारा फरक अल्प असून अर्थाचा फरक मोठा आहे. सोनाली नाग यांनी कन्नडच्या बाबतीत २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा अक्षरलिपी आत्मसात होण्यास प्राथमिक शाळेची अनेक वर्षे लागतात असे दिसून आले. कन्नड आणि देवनागरी या लिप्यांची घडण सारख्याच तत्त्वावर आहे. जे सात-आठ वर्षांच्या मुलाला सावकाश जमते ते पाळण्यातील मुलाला पत्त्यांच्या वेगाने जमेल ही अपेक्षा लिपीच्या स्वभावाविरुद्ध जाते.

याहून महत्त्वाचा मुद्दा उच्चाराचा आहे. मराठी लेखन उच्चारानुसारी आहे असे आपण सर्रास म्हणतो. ते बऱ्याच अंशी खरे असले तरी पूर्णतः खरे नाही. ‘चमचा’मधील ‘च’ आणि ‘चंद्र’मधील ‘च’ लिहिण्यात एक आणि बोलण्यात वेगळे आहेत. ‘घर’मधील शेवटचा ‘अ’ आपण लिहितो, उच्चारत नाही. यांपैकी कोणता उच्चार कोठे करावयाचा हे लिपी सांगत नाही, ते कानात आधीच असावे लागते. ज्या मुलाने ‘चमचा’ हा शब्द शंभर वेळा ऐकला आहे त्याला तो योग्य वाचता येतो. म्हणजेच वाचनाचा निम्मा भाग डोळ्यांसमोर अक्षर येण्याच्या कितीतरी आधी, बोलण्या-ऐकण्यातून घडलेला असतो. पत्ते दाखविण्यात घालविलेला वेळ जर मुलाशी बोलण्याच्या वेळातून वजा होत असेल तर तो वाचनाच्या मुळावरच येतो.

घरची बोली आणि तक्त्यावरची भाषा

बाजारातील अंकलिपी आणि भिंतीवरचे तक्ते हे मराठी घरातील वाचनाचे सर्वांत जुने आणि स्वस्त साधन. त्याकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. ‘अ अननसाचा’ येथून सुरू होणारी ही चित्रमाला एक विशिष्ट भाषा आणि एक विशिष्ट घर गृहीत धरते. शब्दाच्या आरंभी येऊ न शकणाऱ्या ‘ण’साठी तक्ता ‘बाणाचा’ आधार घेतो आणि ‘ळ’साठी ‘बाळाचा’. प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलाला ही योजना चालून जाते.

मोहन्यासारख्या गावात तसे होत नाही. आगरी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ उच्चारला जातो. या घरातील मूल ‘पानी’ मागते, ‘डोला’ दाखविते. त्याच्या दृष्टीने ‘ण’ हा ‘बाना’चा असूच शकत नाही, कारण त्याच्या कानाने तेथे ‘न’ ऐकलेला आहे. तक्ता शिकविणारा त्याला ‘पानी नाही, पाणी म्हण’ असे टोकतो. दोन वर्षांच्या मुलाला यातून लिपीचा धडा मिळत नाही. आपल्या आजीचे बोलणे चुकीचे आहे एवढाच धडा मिळतो. औद्योगिक वसाहतीमुळे महाराष्ट्राच्या इतर भागांतून आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. त्यावर जर पत्ते इंग्रजीचे असतील तर मूल अशा शब्दांच्या आकृत्या पाठ करते की ज्यांच्यामागे त्याच्या घरात बोलणे नाही, गोष्ट नाही, भांडण नाही आणि लाडही नाहीत. अर्थाविना ओळखलेली आकृती टिकत नाही आणि टिकली तरी वाचनाला पुढे नेत नाही.

बोर्डी-कोसबाडचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच शोधले गेले होते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली आणि तेथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २०१४ च्या जिल्हाविभाजनानंतर ही दोन्ही ठिकाणे पालघर जिल्ह्यात आहेत.

या कामाचे मर्म एका अडचणीतून प्रकट झाले. दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले बालवाडीत येत नव्हती. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीला मिळाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरी यांची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, पाने, माती अशी परिसरातील साधने वापरात आली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले तेव्हापासून खरखरीत अक्षरांवर बोट फिरविण्याला आणि लेखनातून वाचनाकडे जाण्याला त्यांच्या पद्धतीत महत्त्व होते. तीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षर देऊच नये असे त्या म्हणत नव्हत्या. मात्र अक्षर हे हाताला, जिभेला आणि कानाला एकाच वेळी भेटावे यावर त्यांचा भर होता. धूळपाटीशी असलेले या विचाराचे नाते सहज लक्षात येण्यासारखे आहे.

डोमन आणि ताराबाई यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो. दोघांनीही घर हे शिक्षणाचे स्थान मानले. ताराबाईंनी शाळा अंगणात नेली तेव्हा शाळेला अंगणासारखे व्हावे लागले. तिला तेथील वस्तू, तेथील बोली आणि तेथील मुलांची कामाची वेळ स्वीकारावी लागली. डोमन यांच्या पद्धतीत अंगणाला शाळेसारखे व्हावे लागते. आई शिक्षिका होते, पत्ता पाठ्यपुस्तक होतो आणि दिवसाचे तास तासिकांत विभागले जातात. पहिल्या दृष्टीत मूल करणारे आहे, दुसऱ्या दृष्टीत ते माहिती ग्रहण करणारा मेंदू आहे.

तथापि ताराबाईंच्या परंपरेचीही चिकित्सा झाली पाहिजे. या परंपरेतून पुढे ‘सहा वर्षांपर्यंत अक्षर नकोच’ असे एक सुलभ सूत्र काही शिक्षकांनी तयार केले. ज्या घरात वर्तमानपत्र येते, आजोबा मोठ्याने पोथी वाचतात, ताई पत्र किंवा डायरी लिहिते, त्या घरातील मुलाला कोणी न शिकविताही छापील जगाची ओळख होते. तेथे थांबणे परवडते. ज्या घरात छापील कागद फक्त वाण्याच्या पुडीच्या रूपाने येतो, तेथे थांबणे म्हणजे अंतर वाढू देणे होय. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले, पण पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्या भारात अंगणवाडीतील गोष्ट, गाणे आणि अक्षर हे मागे पडत गेले. ही पोकळी भरून काढण्यासाठीच आई बाजारातला तक्ता विकत घेते.

परिणाम समोर आहेत. ‘असर’ या ग्रामीण भागातील पाहणीनुसार देशात पाचवीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते, ते महासाथीनंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांवर आले. पालकांची घाई चुकीच्या दिशेने असेल, पण तिच्यामागील भीती निराधार नाही.

घाई, धोरण आणि प्रवेश

पालकांच्या घाईला व्यवस्थेनेही खतपाणी घातले आहे. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात बालवाडीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या परीक्षा व मुलाखती बंद कराव्यात अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक केंद्रांतील प्रवेशाचे नियमन करणारा कायदा केला आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठीच्या चाळणीवर बंदी घातली. तरीही ‘मुलाला काय काय येते’ हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारला जातो, अशी पालकांची धारणा आहे. दुसरीकडे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पहिलीच्या आधीच्या बालवाटिकेत अक्षरे व त्यांचे ध्वनी ओळखणे, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणे ही लक्ष्ये निश्चित केली. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी ही लक्ष्ये अवाजवी नाहीत. परंतु पाच वर्षांचे लक्ष्य ऐकून पालक तीन वर्षांपासून तयारी करतात आणि तिसरीची तयारी पहिल्या वर्षापासून सुरू होते.

उशिरा सुरुवात केल्याने मूल कायमचे मागे पडते काय, याविषयी सेबॅस्टियन सुगेट यांचे न्यूझीलंडमधील संशोधन महत्त्वाचे आहे. तेथे पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेली आणि सातव्या वर्षी शिकू लागलेली मुले अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनकौशल्यात सारखीच आढळली. फिनलंडमध्ये औपचारिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते. या दाखल्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे, कारण त्या समाजांत सात वर्षांपर्यंतचा काळ पुस्तके, गोष्टी आणि संभाषण यांनी भरलेला असतो. रिकाम्या सात वर्षांचे समर्थन त्यांतून होत नाही.

घराच्या हातातील काम

मग घराने काय करावे? याचे उत्तर लवकर वाचणाऱ्या मुलांच्याच अभ्यासात मिळते. डोलोरेस डर्किन यांनी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे पहिलीत आलेल्या ५,१०३ मुलांपैकी शाळेपूर्वीच वाचू लागलेली ४९ मुले शोधली आणि त्यांच्या घरांचा अभ्यास केला. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील मुले केवळ सुस्थित घरांतील नव्हती. त्यांच्यात समान आढळले ते वेगळेच : त्यांना कोणीतरी वाचून दाखवीत होते, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे मिळत होती आणि त्यांच्या हाती कागद-पेन्सिल होती. रेघोट्या मारता मारता ‘हे काय लिहिले आहे?’ असे मूल विचारी आणि घरातील कोणी तरी उत्तर देई. पुढाकार मुलाचा होता आणि घर तत्पर होते.

मराठीत हे करण्यासाठी साधने नाहीत असेही नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तके मुलाच्या ओळखीच्या नात्यांतूनच त्याला पुस्तकाकडे नेतात. ‘वाचू आनंदे’ने मोठ्या मुलांसाठी हेच काम केले. २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’द्वारे मराठी चित्रकथा विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने वर्णमालेचा क्रम सोडून निवडक अक्षरे आणि स्वरचिन्हे गटागटाने शिकविण्याची वाट दाखविली, जेणेकरून मुलाला पहिल्या काही दिवसांतच अर्थपूर्ण शब्द वाचता यावेत. ‘आई’, ‘बाबा’वरून ‘बाई’, ‘आबा’कडे नेणारी वाट ती हीच. मात्र ही वाट चार-पाच वर्षांच्या मुलासाठी आहे, चार-पाच महिन्यांच्या नव्हे.

त्याआधीच्या वयात अंगाई, बडबडगीत, गोष्ट आणि गप्पा हाच वाचनाचा पाठ होय. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तीही हा पाठ देऊ शकते, ही या मार्गाची सर्वांत मोठी लोकशाही बाजू आहे. आगरी लग्नातील धवलारिणीचे गाणे ऐकत झोपलेले मूल भाषेची लय, यमक आणि शब्दांतील ध्वनी यांचे जे शिक्षण घेते ते कोणताही पत्ता देऊ शकत नाही. आंबिवली स्थानकावरची पाटी, घासलेटाच्या जुन्या डब्यावरचे नाव, पाण्याच्या टाकीवर रंगविलेली अक्षरे ही त्या मुलाची पुढची पुस्तके. त्याने विचारले की सांगावे एवढेच मोठ्यांचे काम. यासाठी पडद्याची आवश्यकता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक दाखवू नये असे सुचविले आहे.

निष्कर्ष

या विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. शब्दपत्त्यांनी शिशूला वाचन येते या दाव्याला पुराव्याचा आधार नाही. त्यातून आकृती ओळखणे साधते आणि पालकांचा विश्वास वाढतो. देवनागरीची अक्षररचना आणि मराठीच्या बोलींचे वैविध्य पाहता येथे ही पद्धती अधिकच अपुरी ठरते. त्याच वेळी ‘अक्षर नकोच’ हा उलट आग्रह अक्षरवंचित घरांच्या हिताचा नाही. बोर्डी-कोसबाडच्या कार्याने दाखविलेली दिशा या दोहोंमधून जाते : मुलाच्या अंगणात जावे, तेथील भाषेत बोलावे आणि मुलाचा हात अक्षराकडे वळला की अक्षर तयार ठेवावे.

हा प्रश्न बालवाडीचा म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांना दूरचा वाटण्याची शक्यता आहे. परंतु पदवीच्या वर्गात परिच्छेद वाचताना अडखळणारा विद्यार्थी हा याच साखळीचा शेवटचा दुवा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा परिसरातील अंगणवाडीत जाऊन, मुलांच्या बोलीत, मोठ्याने एक गोष्ट वाचून दाखविणे हे कोणत्याही महाविद्यालयाला जमण्यासारखे काम आहे. त्याने बालकांना पुस्तक भेटेल, आणि वाचून दाखविणाऱ्याचे स्वतःचे वाचनही सुधारेल. मोहन्यातील आईने तक्ता विकत घेतला तो तिला दुसरे काही देऊ केले गेले नाही म्हणून. तिची इच्छा योग्य आहे. तिला योग्य साधन पुरविणे हे शिक्षणाच्या व्यवसायात असलेल्या सर्वांचे दायित्व आहे.